खणातला पोलिश कागद

आज तारीख काय? वार कोणता? आपण कुठं आहोत?

अठरा एप्रिल. शनिवार. ईडन प्रेरी, मिनेसोटा.

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला पहिल्यांदा हेच विचारतात. गिरिजा सोळा वर्षं विचारत आली होती. नाशिकला फिजिओथेरपी शिकून ती अमेरिकेत आली, इथं पुढचं शिक्षण झालं, मग मुलींच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात तिनं काम केलं, आणि गेलं दीड वर्ष ती या हायस्कुलात होती. घोटे, गुडघे, खांदे आणि डोकी, असा तिचा संसार. शाळेच्या मैदानाकडेला बर्फाचा एक मळका ढीग अजून वितळायचा राहिला होता, आणि ती ट्रेनिंग रूममध्ये टेपची रिळं आवरत होती.

दारातून तिच्या बारा वर्षांच्या मुलीनं, आन्यानं, डोकं आत घातलं.

"मॉम, कोच बी इज हिअर."

"मावशी म्हण गं. मोठी आहे ती."

"शी वुड हेट मावशी."

"तिला विचारलंस?"

"आय जस्ट नो," म्हणत आन्या बॉल घेऊन पळाली.

कोच बी म्हणजे बोग्ना, गिरिजाच्या जुन्या क्लबातली खेळाडू; 'कोच' हे नाव आन्यानं ठेवलेलं. पोलंडची. वय एकतीस, उंची दारात किंचित वाकावं लागेल इतकी, डाव्या भुवईवर टाक्यांची पांढरी रेघ. खोलीत शिरूनही तिनं टोपी काढली नाही. दिव्याखाली आल्यावर टोपीचं टोक अजून थोडं खाली ओढलं. गिरिजानं ते पाहिलं. पाहून घेणं हा तिचा धंदाच होता.

"पानी गिरिजा," बोग्ना म्हणाली. पोलिशमध्ये बाईमाणसाला मान देऊन हाक मारायची तर आधी 'पानी' लावतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिरिजानं तिला पाण्याची बाटली आणून दिली होती, आणि तेव्हापासून दोघींचा हा जुना विनोद होता. आज दोघींपैकी कोणीच हसलं नाही.

बोग्नानं टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि शेजारी एक छापील कागद. तिच्या गावच्या क्लबाचा होता. बायकांची टीम, दुसऱ्या विभागातली. एक हंगाम खेळायला घेतो म्हणत होते. अट एकच: शेवटच्या क्लबात जिनं तिचं डोकं सांभाळलं होतं तिनं परत चाचणी घ्यायची आणि खेळायला हरकत नाही असं लिहून द्यायचं.

"एकच हंगाम," बोग्ना म्हणाली. "आईनं मला मोठी झाल्यावर एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. शनिवारी तिची कारखान्यात पाळी असायची. आता ती रिटायर झालीय."

"तिथं डॉक्टर नाहीत का?"

"आहेत. पण ते कागदावर जातात. कागद तुमचा." तिनं खुर्ची ओढली. "घ्या चाचणी. मी तयार आहे."

हे पाच शब्द ऐका. नंतर पुन्हा विचारले जातील.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, डोकं धडधाकट असताना, प्रत्येक खेळाडूची एक चाचणी घेऊन ठेवतात. पाच शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, महिने डिसेंबरपासून मागं मोजा, एका पायावर उभे राहा. पुढं मार बसला की तीच चाचणी परत. आधीच्या गुणांइतके गुण पडले तर डोकं ताळ्यावर आलं असं धरतात. वाणी तेल तोलण्याआधी रिकाम्या डब्याचा धडा करून घेतो, म्हणजे डब्याचं वजन आधीच बाजूला काढतो, तसंच हे. आणि धडाच खोटा असला तर पुढचं सगळं माप खोटं, हेही वाण्याकडूनच शिकावं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये क्लबाच्या हॉलमध्ये एका सकाळी चोवीस मुली रांगेत होत्या. बोग्ना अकरावी. लिंबू, घोंगडी, शिडी, खिडकी, मीठ, असे पाच शब्द गिरिजानं इंग्रजीत वाचले.

पाच मिनिटांनी बोग्नाला दोन आठवले. उलटे आकडे तिसऱ्यावर अडखळले. महिने ऑगस्टशी येऊन थांबले.

आता ही मुलगी कोण होती तेही ऐका. आई काचेच्या कारखान्यात नाताळच्या झाडाचे गोळे रंगवायची, एकेक फुंकरीनं फुटेल असे. लेक त्याच गावात चामड्याचे गोळे डोक्यानं परतवत वाढली. बारा वर्षांपर्यंत पोरांच्या टीममध्ये, कारण पोरींची टीमच नव्हती. तेराव्या वर्षी बसनं दीड तास लांबच्या गावी सराव. सतराव्या वर्षी देशाच्या कुमार संघात. एकोणिसाव्या वर्षी मिशिगनच्या एका युनिव्हर्सिटीची शिष्यवृत्ती, तिथून स्टॅटिस्टिक्सची डिग्री. मग इथल्या क्लबात मधल्या बचावफळीत. उंचावरून येणारा बॉल तिच्या हद्दीत पडला असं फार क्वचित व्हायचं. देशाकडून अकरा सामने. इंग्रजी इतकं सफाईचं की आदल्याच आठवड्यात बसमध्ये तिनं एक लांबलचक विनोद सांगून ड्रायव्हरलाही हसवलं होतं.

अशा मुलीला ऑगस्टच्या मागं जुलै येतो हे आठवेना.

गिरिजाच्या टेबलाच्या खालच्या खणात हीच चाचणी आठ भाषांत छापलेली होती. लीगनं पाठवलेली. स्पॅनिशचे कागद वापरून संपत आले होते. पोलिशचा गठ्ठा रबरबँडसकट तसाच होता. तो काढायचा, पोलिश वाचणारं कोणीतरी फोनवर गाठायचं, अर्धा तास लागला असता. मागं तेरा मुली ताटकळत होत्या. पण घाईचं निमित्त पुढं करून गिरिजाला सुटता येणार नाही. खरं कारण वेगळं होतं. कमी गुण बघून तिच्या मनात माया दाटून आली. तिनं कागदाच्या समासात लिहिलं: इंग्रजी दुसरी भाषा. काळजीचं कारण नाही.

आणि बोग्नाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "होतं असं. मला ठाऊक आहे."

आता महिने उलट क्रमानं सांगा.

डिसेंबर. पडदे लावलेली खोली. क्लबानं करार पुढं वाढवला नाही. गिरिजा डब्यात मुगाची खिचडी घेऊन गेली तर बोग्ना म्हणाली, चमच्याचा आवाज मोठा वाटतो.

नोव्हेंबर. पडदे.

ऑक्टोबर. पोलंडचा संघ पात्रतेच्या शेवटच्या सामन्यांना तिच्याशिवाय उतरला. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुली युरोपच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळल्या. दोन सामने हरल्या, एक जिंकल्या. बोग्नानं आवाज बंद करून पाहिले.

सप्टेंबर. दुसरा मार. बघणाऱ्याला मार वाटलाही नसता. साधा कॉर्नर, साधं डोकं, बॉल लांब गेला. मग ती खाली बसली, बुटाची नाडी बांधायला बसावं तशी, आणि उठली नाही. गिरिजा धावत पोचली तेव्हा ती शांतपणे पोलिशमध्ये बोलत होती आणि आपण पोलिशमध्ये बोलतोय हे तिला कळत नव्हतं.

ऑगस्ट. पहिला मार. समोरच्या फॉरवर्डचं डोकं हिच्या भुवईवर आदळलं, चार टाके. नवव्या दिवशी चाचणी. दोन शब्द. आकडे तिसऱ्यावर अडले. महिने ऑगस्टशी थांबले. मार्चइतकेच गुण, एक कमी नाही, एक जास्त नाही. गिरिजाला हायसं वाटलं. सही डॉक्टरांची असते, पण डॉक्टर गिरिजाचा कागद बघून सही करत.

जुलै. देशाच्या प्रशिक्षकांचा ईमेल: पात्रता सामन्यांसाठी तयार राहा. बोग्नानं तो फोन गिरिजाच्या नाकासमोर नाचवला.

जून, मे, एप्रिल. डोक्यानं चार गोल.

मार्च. खण.

पण महिने मार्चला थांबवून चालत नाही, जानेवारीपर्यंत जावं लागतं. हा जानेवारी मात्र त्याच्याही दोन वर्षं आधीचा.

गिरिजाचे वडील एकनाथराव सहा महिन्यांसाठी इथं आले होते. भूमापन खात्यात सर्व्हेअर म्हणून आयुष्य गेलेलं. नाशिक जिल्ह्यातली कुठली वाट कुठल्या ओढ्याशी वळते ते डोळे मिटून सांगतील असे गृहस्थ. साध्या तपासणीला दवाखान्यात नेलं, तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच शब्द दिले, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांना एक शब्द आठवला. घड्याळात बारा आकडे होते, सगळे एका बाजूला गोळा झालेले. डॉक्टरीणबाई हळू आवाजात पुढच्या तपासण्यांबद्दल बोलू लागल्या आणि गिरिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते इंग्रजीत अडखळतात म्हणून तुम्ही त्यांना वेड्यात काढताय," ती म्हणाली. "मराठीत विचारा. मग बघा."

बाहेर पार्किंगमध्ये बाबा म्हणाले, "गिरिजे, आपण कुठं निघालोय?"

"घरी, बाबा."

"बरं बरं."

परक्या मुलखातले रस्ते, सगळीकडे बर्फ, माणूस गोंधळणारच. असं ती सीटबेल्ट लावताना स्वतःला म्हणाली. ही गोष्ट नंतर तिनं कितीतरी जणांना सांगितली. इंग्रजीच्या काट्यावर माणसाची अक्कल जोखणाऱ्यांची गोष्ट म्हणून सांगायची आणि ऐकणारे मान डोलवायचे. बसमध्ये बोग्नालाही सांगितली होती.

बाबा आता नाशिकला भावाकडे असतात. व्हिडिओ कॉलवर गिरिजाला 'बाई' म्हणतात, आणि भाऊ त्यांचा हात धरून स्क्रीनकडे वळवतो.

मराठीत विचारा, असं ती ठणकावून म्हणाली होती. मराठीत विचारलं कोणीच नव्हतं. तिनंही नाही.

एका पायावर उभे राहा. हात कमरेवर. डोळे मिटा.

बोग्नानं वीस सेकंद पाय टेकला नाही. घोटा थरथरला, पण टेकला नाही. पाचही शब्द ओळीनं सांगितले. आकडे सहापर्यंत उलटे म्हटले. महिने तर असे घडाघडा की श्वास घ्यायलाही थांबली नाही.

"पाचपैकी पाच," ती म्हणाली. गुणही तिनंच सांगितले.

गिरिजानं पेन खाली ठेवलं. "तिसरा शब्द मी नीट वाचायच्या आत तुझे ओठ हलले."

"लक्ष देऊन ऐकत होते."

"बोग्ना."

बाहेर आन्या भिंतीवर बॉल मारत होती. धप्. धप्.

"शब्दांच्या सहाच तर इंग्रजी याद्या आहेत, पानी गिरिजा. दीड वर्ष आहे मी घरात." बोग्ना हसली, पण डोळे टोपीखालीच होते. "मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय. सहा याद्या पाठ करणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही."

"आणि त्या मार्चमध्ये?"

हा प्रश्न गिरिजा दीड वर्ष टाळत आली होती. तो विचारावा लागू नये म्हणूनच तिनं क्लब सोडला होता, शाळेतली नोकरी घेतली होती, घोट्यांमध्ये मन रमवलं होतं.

"त्या मार्चमध्ये," बोग्ना म्हणाली, "सगळ्याच मुद्दाम चुकायच्या. तुम्हाला काय वाटलं? चोवीस मुली. पहिल्याच दिवशी थोडं चुकून ठेवलं की पुढं मार बसला तरी बाहेर बसावं लागत नाही. बाकीच्या एखादा शब्द विसरायच्या. पकडलं जाऊ म्हणून भ्यायच्या." ती थांबली. "मी नाही भ्याले."

"का?"

"तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितली होती ना."

एका पायावर उभं असताना डोळे मिटले की जमीन सरकते, तसं गिरिजाला बसल्याजागी झालं.

"मला माहीत होतं तुम्ही इंग्रजीला दोष द्याल. मला देणार नाही," बोग्ना पुढं म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर सोपं गेलं असतं. "मी तुम्हाला फसवलं. त्या हंगामात मला एकही सामना बाहेर बसायचं नव्हतं. देशाकडून बोलावणं येणार होतं. तेव्हा वाटलं, हुशारी केली."

"माझ्याकडे पोलिश कागद होता," गिरिजा म्हणाली.

"काय?"

"चाचणीचा. पोलिशमधला. त्याच टेबलाच्या खालच्या खणात. मी काढला नाही. पोलिशमध्ये तुला इतकं खोटं चुकता आलं नसतं."

बोग्नानं पहिल्यांदाच टोपी काढली. दिव्याकडे बघून डोळे बारीक केले आणि गिरिजाकडे पाहत राहिली. धप्, धप्.

"आता आहे?" तिनं विचारलं.

ते पाच शब्द पुन्हा सांगा.

होता. क्लब सोडताना गिरिजानं गठ्ठ्यातला एक कागद काढून आणला होता. कशाला, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. या टेबलाच्याही खालच्या खणात तो होता.

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला बोग्ना खो खो हसली.

"हे काय? कुठल्या देशातलं लिंबू हे? त्सित्रिना. म्हणा."

"त्सित्रिना."

"बरं. पुढं?"

"कॉक."

"कोत्स. कोत्स म्हणजे घोंगडी. तुम्ही म्हणालात तो इंग्रजीत भलताच शब्द आहे, कृपा करून चारचौघांत म्हणू नका."

"द्राबिना?"

"द्राबिना. शाबास."

"ओक्नो."

"ओक्नो. खिडकी."

"सोल."

"सूल. मीठ." बोग्नानं डोळे पुसले. "आजीसारखं वाचता तुम्ही. दात काढून ठेवल्यावरची आजी."

मग आकडे. गिरिजा बोटं दाखवायची, बोग्ना पोलिशमध्ये उलटे म्हणायची. चारपर्यंत ठीक. पाचाला ती दोनदा सुरुवातीला गेली. मग महिने. गिरिजा कागदावर बोट ठेवून ऐकत होती. डिसेंबरचा शब्द आला, नोव्हेंबरचा आला. ऑक्टोबरचा आला. मग बोग्नानं ओठ मिटले. गावी शाळेत पहिलीत शिकलेले ते शब्द. ती त्यांच्यासाठी कुठंतरी खाली खाली उतरत होती असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सप्टेंबर मिळाला. मग पुन्हा ऑक्टोबर आला.

गिरिजानं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली होती.

"शब्द," ती म्हणाली.

"ओक्नो." लगेच. खिडकी समोरच होती.

"हं."

"कोत्स." हसू आलं. "ते तर विसरणं शक्य नाही."

"हं."

बोग्ना खिडकीतून बाहेर बघत राहिली. आन्या, भिंत, बॉल, बर्फाचा मळका ढीग. तिची बोटं टेबलावर मोजत होती, एक, दोन, आणि तिसरं बोट वर उचललेलं तसंच राहिलं. गिरिजा मनात म्हणत होती, शिडी, बाई, शिडी. तोंडानं म्हणाली नाही.

"तुमच्या उच्चारांमुळे झालं," बोग्ना शेवटी म्हणाली. "असे शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. कोणी नीट पोलिश बोलणारं असतं तर आठवले असते. तुम्हालाही माहीत आहे."

किती सोपं होतं. तिचे उच्चार वाईट होते हे शंभर टक्के खरं होतं. पेन हाताशी होतं, समास कोरा होता, आणि त्यात काय लिहायचं ते गिरिजाला पाठ होतं. वाचणाऱ्याला भाषा येत नाही. काळजीचं कारण नाही. मग एक हंगाम, गावचं मैदान, आणि शनिवारची सुट्टी मिळालेली आई पहिल्या रांगेत.

"बोग्ना," ती म्हणाली, "मी चुकीचं वाचलं. पण प्रत्येक शब्द तू नीट म्हणून दाखवलास. पाचही. तुझ्या तोंडानं."

बोग्नानं टोपी घातली. क्लबाचा कागद उचलून चार घड्या केल्या आणि खिशात घातला. दाराशी जाऊन परत आली, आणि टेबलावरचं ते वर्तमानपत्रातलं पुडकं गिरिजाकडे सरकवलं.

"आईनं पाठवलंय. हे तुम्ही सही द्याल म्हणून नव्हतं. तसं समजू नका."

"नाही समजत."

"हिरवा गोळा आहे. तिला हिरवा नीट जमायचा." मग जरा थांबून, "तिला काय सांगू मी?"

हा प्रश्न कागदावर छापलेला नव्हता.

गिरिजा खिडकीतून बघत राहिली. बोग्ना मैदानाच्या कडेनं गाडीकडे निघाली होती. "कोच बी," अशी हाक मारून आन्यानं बॉल उंच उडवला. बोग्नाची मान वर गेली. तिचे पाय आपोआप दोन पावलं मागं, एक बाजूला, असे बॉलच्या बरोबर खाली जाऊन थांबले, वीस वर्षं थांबत आले तसे. खांदे रुंदावले. बॉल खाली येत होता आणि ती डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होती.

शेवटच्या क्षणी ती बाजूला झाली. बॉल चिखलात पडून उडाला.

"यू मिस्ड," आन्या ओरडली.

"मिस्ड," बोग्ना म्हणाली असावी. काचेतून आवाज आला नाही, ओठ दिसले.

त्सित्रिना, कोत्स, द्राबिना, ओक्नो, सूल. गिरिजाला पाचही आठवत होते, न येणाऱ्या भाषेतले. तिनं पेन उचललं आणि पोलिश कागदावर, जिथं गुण लिहितात त्या चौकोनात, पाचपैकी दोन असं लिहिलं. तारीख लिहिली. खाली सही केली. समासावर एकदा हात फिरवला आणि तो कोराच ठेवला.